उलट्या तोंडाचा सिंह

कुणाकडे जेवायला गेले की मी अजूनही चमचा उलटा करून बघते. सून डोळे वटारते, नात खुदकन हसते, आणि यजमानीण बिचारी चमच्याला काही लागलंय असं समजून दुसरा आणायला धावते. आता सगळे चमचे स्टीलचे, बघण्यासारखं त्यांत काही नसतं. पण नगर्तपेठेत गलाईच्या दुकानात वाढलेल्या मुलीची नजर आधी बुडाशी जाते. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून त्यातलं हीण काढणं. सांगलीकडच्या आमच्या गावातली निम्मी माणसं हा धंदा घेऊन देशभर पांगली होती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वाट्याला बेंगळूर आलं. पुढं भट्टी, मागं घर आणि मधे गोणपाटाचा पडदा. पडद्यापलीकडून दिवसभर भात्याचा फुसफुसाट यायचा आणि तेजाबाचा घसा खवखवणारा वास. अलीकडे आई भाकऱ्या थापत बसलेली. लोणचं मुरायच्या आधीच या वासानं नासतं, अशी तिची जन्माची तक्रार होती. थंडीत गल्लीभर अवरेकाईचा, म्हणजे तिकडच्या वालाच्या शेंगांचा, घमघमाट सुटे. ते दाणे भिजत घालून एकेक चिमटीत दाबून सालातून काढायचे, ही विद्या आईनं शेजारच्या गौरम्मांकडून उचलली होती. ती एक दाणा काढी तोवर मी दोन काढी आणि माझा दादा शंकर चार. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा होता, आणि त्याची बोटं अशी की आई म्हणे, हा मुलगी व्हायचा चुकून मुलगा झाला.

त्या काळात साहेब लोक निघून गेले होते, उरलेसुरले निघत होते, आणि त्यांच्या घरातली चांदी कँटोन्मेंटातून टांग्या-सायकलींवरून आमच्या पेठेत येत होती. किटल्या, तबकं, काटे, सुऱ्यांच्या मुठी. त्या प्रत्येकाच्या बुडाशी मुंगीएवढ्या छापांची एक ओळ असे. अण्णांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्या ओळी ते घडाघडा वाचत, कारण ते त्या चित्रासारख्या बघत. चालता सिंह दिसला की रुपयात पावणेपंधरा आणे चांदी. वाघाचं तोंड असलं तर माल एका गावचा, मुकुट असला तर दुसऱ्या गावचा. एकटं अक्षर म्हणजे साल, आणि जोडीनं असलेली दोन अक्षरं म्हणजे कारागिराचं नाव. चार अक्षरं चार चौकोनांत ऐटीत बसलेली दिसली तर तो नुसता मुलामा; त्यांना अण्णा ‘चार भिकारी’ म्हणत. अक्षरं सांगायचं काम माझं, कारण मी इंग्रजी शाळेत जात होते. मी भिंग डोळ्याला लावून ‘जे, डब्ल्यू’ म्हणाले की दादा भात्यावरून ओरडे, “जयवंत वाघमारे!” अशा तऱ्हेनं विलायतेतले निम्मे चांदीकाम करणारे आम्ही आमच्या तालुक्यात आणून वसवले होते.

एके दिवशी दादानं मोडक्या कानशीच्या तुकड्यावर स्वतःच सिंहाचा ठसा कोरला. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा असेल. आठवडाभर पडद्याआड बसून, अण्णांना चकित करायचं म्हणून. आपल्या भट्टीच्या चांगल्या लगडीवर आपलाही सिंह असावा, एवढीच त्याची हौस. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना त्यानं चांदीच्या पत्र्यावर ठसा धरून हातोडी मारली. सिंह उमटला, देखणा, शेपटीच्या गोंड्यासकट. फक्त तो उलटीकडे चालत होता. विलायती सिंह डाव्या हाताला निघालेला असतो. दादानं तो जसा दिसला तसाच ठशावर कोरला होता, आणि ठसा मारल्यावर त्याचं तोंड उजवीकडे झालं. ठसा आरशातल्यासारखा उलटा कोरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णा पोट धरून हसले. “अरे, ह्यो सिंह घरी माघारी निघालाय!” गिऱ्हाइकंही हसली, मीही हसले. पुढं कितीतरी दिवस दादा शाळेतून आला की कुणी ना कुणी ‘आला बघा सिंह माघारी’ म्हणायचंच. दादा हसला नाही. तो ठसा त्यानं फेकूनही दिला नाही, खिशात ठेवला. अण्णा वाईट नव्हते, पण आपल्या हसण्यानं कुणाला काय लागतं ते त्यांना उशिरा कळायचं. मला तर त्याहून उशिरा कळलं.

तो मोठा झाला तसा भट्टीवर रमेना. हात नुसते शिवशिवत. एकदा त्यानं इथल्याच चांदीची एक वाटी घडवली, तिच्यावर विलायती छापांची अख्खी ओळ मारली, या वेळी सगळं बरोबर दिशेला, आणि कँटोन्मेंटात साहेबाची वाटी म्हणून विकली. विकत घेणारा माणूस योगायोगानं ती पारखून घ्यायला अण्णांकडेच आला. अण्णांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि भात्यावरच्या दादाकडे बघितलं. त्या माणसाला त्यांनी वाटीइतकी चांदी तोलून दिली आणि त्याच्यादेखत वाटी मुशीत टाकली. तो गेल्यावर दादाला म्हणाले, “माझ्या भट्टीत खोट्याचं खरं होतंय. खऱ्याचं खोटं करणारा माणूस मला हितं नको.” दादा म्हणाला, “बरोबर केलं तरी हाकलताय, चुकलं तरी हसताय.” अंगावरच्या कपड्यांनिशी तो गेला. आई पिठाच्या हातानं गल्लीच्या तोंडापर्यंत धावली. कोपऱ्यावरच्या फुलवालीला तिनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “ईगले होदा, अम्मा.” आत्ताच गेला.

त्यानंतरची दोन वर्षं मी कशी सांगू? घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. आईचे देव झाले, ज्योतिषी झाले, गावाकडे पत्रं झाली, मुंबईच्या गलाईवाल्यांना निरोप झाले. दर सोमवारी ती स्टेशनावर जाऊन गाडीतून उतरणारे चेहरे बघत उभी राहायची आणि जाताना फडक्यात दोन भाकऱ्या बांधून न्यायची, भुकेला असला तर म्हणून. परत आल्यावर त्या भाकऱ्या आम्ही दोघी न बोलता खात असू. त्या मला गिळवत नसत, पण टाकायची माझी छाती नव्हती. मग तिचे पाय सुजू लागले, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागू लागली. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन हृदयाची झडप निकामी होत आल्याचं सांगितलं. आईला न सांगताही कळलं होतं. ती मला म्हणाली, “सुमे, मला काय नगं गं. येकदा त्याचं त्वांड बघितलं की झालं.” मी सोळा वर्षांची होते. आईचं मरण समोर दिसत होतं आणि मी भूमितीची प्रमेयं पाठ करत होते. मला रात्रंदिवस वाटायचं की काहीतरी केलं पाहिजे, आणि काय करावं ते सुचायचं नाही.

अशात ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एक बाई चहाचा संच विकायला घेऊन आल्या. किटली, दुधाचं भांडं, साखरदाणी. अण्णा बाहेर गेले होते. मी सवयीनं भिंग लावून एकेकाचं बूड बघत गेले. किटलीवर सिंह, मुकुट, अक्षर, सगळं यथास्थित. दुधाच्या भांड्यावरही तेच. साखरदाणी उलटी केली. तिथला सिंह उजवीकडे चालला होता. शेपटीला गोंडा, पुढचा पाय उचललेला, आणि तोंड उलटीकडे. मी अंगठ्यानं घासून पुन्हा पाहिला. बाईंना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, किटली आणि दुधाचं भांडं आजीचं. साखरदाणी हरवली म्हणून गेल्या वर्षी इथंच कँटोन्मेंटातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. दुकान कुठं आहे तेही त्यांनी सांगितलं. दादा जिवंत होता. दादा गेल्या वर्षी याच शहरात होता.

अण्णा आले तशी मी साखरदाणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी भिंगसुद्धा लावलं नाही. बुडावरून नुसता अंगठा फिरवला आणि साखरदाणी बाजूला ठेवली.

“पाचवी,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ह्याच्या आदी चार आल्या. वितळवल्या.”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. आई तिकडं पडद्याआड तडफडतेय आणि हा माणूस तिच्या मुलाची खूण मुशीत टाकतोय! मी वडिलांना कधी उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. अण्णा ऐकून घेत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “सुमे, खोटी विलायती चांदी आहे ही. येकेक भांडं त्याला जेलात घालायला पुरंल. माझ्याकडं आलं ते संपवलं, तेवढंच माझ्या हातात हाय.” मी म्हटलं, मग त्याला शोधा की. तर म्हणाले, “शोधायला गेलो की पयला प्रश्न, तुमाला कसं कळलं? कसं कळलं ते सांगितलं की संपलं. सांगायचं न्हाई कुणाला. तुझ्या आईलाबी.” जरा वेळानं साखरदाणी पुन्हा हातात घेऊन ते म्हणाले, “आता चुकून न्हाई करत तो. बाकीच्या छापा बघ, केसाचा फरक न्हाई. ह्यो येकच मुद्दाम उलटा मारतोय. साऱ्या गावाची चांदी कवा तरी गलाईवाल्याकडं येणार, ठावं हाय त्याला. मला दाखवतोय.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना वाटत होतं की ते मला दिसत नाहीत. मग त्यांनी साखरदाणी मुशीत टाकली, आणि भाता मी मारला.

मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी आईला बसल्या जागी श्वास मिळेना. गौरम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत ‘स्वल्प नीरु कुडी’ म्हणून पाण्याचा घोट पाजत होत्या आणि ते पाणी तिच्या ओठांवरून ओघळत होतं. मी शाळेचं दप्तर घेतलं आणि शाळेत न जाता चालत कँटोन्मेंटात गेले.

दुकान मोठं होतं. घड्याळं, झुंबरं, काचेच्या कपाटात चांदी. मालक पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे होते. मी म्हटलं, तुमच्याकडे शंकर नावाचा मराठी कारागीर आहे, त्याची आई फार आजारी आहे. ते म्हणाले, आमच्याकडे कारागीर कशाला असेल, या सगळ्या जुन्या विलायती वस्तू. मी रडले, हातापाया पडले. ते मान हलवत राहिले. मला वाटलं की हे मला वेडी समजतायत. तेव्हा मी कपाटातल्या एका तबकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ते द्या इकडे. त्यांनी दिलं. मी दप्तरातून भिंग काढलं, तबक उलटं केलं आणि त्यांना सिंह दाखवला. शेजारी खरी वस्तू ठेवून दाखवला. हा इकडे चालतो, हा तिकडे. खरा सिंह कधीच तिकडे चालत नाही. हा माझ्या भावानं मारलाय, माझे गलाईवाले वडील नुसत्या अंगठ्यानं ओळखतात.

मालकांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ते रागावले नाहीत. ‘कूत्को’ म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली, मला बसवलं, थंड सोडा मागवला. आणखी काय काय कळतं तुमच्या वडिलांना, असं विचारलं. आणि मी मूर्ख, इतक्या दिवसांत कुणीतरी माझं ऐकून घेतंय या आनंदात, जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं. अण्णांनी एकच गोष्ट बोलायची नाही म्हणून बजावलं होतं, तीच मी सोड्याचे घुटके घेत सविस्तर बोलले. ते म्हणाले, “सरी, बरं. शुक्रवारी आईला घेऊन ये. मी त्याला इथं उभा करतो.”

आईला मी एवढंच सांगितलं की शाळेतल्या मैत्रिणीनं दादाला एका दुकानात पाहिलंय. ती उठून बसली. ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती तिनं शुक्रवारी अंघोळ केली, हिरवं लुगडं नेसली आणि भाकऱ्या थापल्या. प्रत्येक भाकरीनंतर भिंतीला टेकून ती दम घ्यायची. मी करते म्हटलं तर हात झटकला. अण्णा गिऱ्हाइकाच्या कामाला येलहंक्याला गेले होते. “त्यास्नी सांगू नगं. हितं आणूनच उभा करू,” ती म्हणाली. जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि तो आला तर रागवायचं नाही, काही विचारायचं नाही, आधी जेवू घालायचं, असं मला पुन्हापुन्हा बजावत होती.

दुकानात मालक नव्हते. मद्रासला गेले, पंधरा दिवसांनी येतील, असं नोकरानं सांगितलं. कारागीर? इथं कधीच कुणी कारागीर नव्हता. काचेचं कपाट निम्मं रिकामं होतं. आई पायरीवर बसली. म्हणाली, येईल, उशीर झाला असंल. ऊन चढलं, उतरलं, ती तिथंच. शेवटी मागच्या गल्लीतला म्हातारा राखणदार तिला पाणी द्यायला आला. मी त्याला विचारलं. तो इकडंतिकडं बघून म्हणाला, “वो मराठी उस्ताद? अंदर की शेड में रहता था, दो साल से. परसों सुबह मालिक ने गाडी में बिठा दिया. कहां भेजा, अल्ला जाने. सामान भी पूरा नहीं लेने दिया, अम्मा.”

त्यानं शेड उघडून दाखवली. चार हात खोली, कोळशाची शेगडी, जमिनीत रोवलेली लहान ऐरण, एका खुंटीला शर्ट. आईनं शर्ट काढून तोंडाला लावला. मग मला विचारलं, “दोन वर्सं हितंच हुता?”

मी मान हलवली.

“परवापत्तर हुता. मग परवाच का गेला गं?”

मी पायानं शेगडीची राख सारू लागले.

“सुमे, तू काय बोललीस का त्या मानसाला?”

“नाही,” मी म्हणाले. “मी कशाला बोलू?”

तिनं विश्वास ठेवला. ती शर्ट पोटाशी धरून जटक्यात बसली, आणि भाकऱ्या तिनं त्या राखणदाराला दिल्या. त्यांचाही जीव तुटेल म्हणून अण्णांना तिनं यातलं काही कळू दिलं नाही, शर्टही उशीखाली लपवला. दीड महिन्यानं ती गेली. शेवटच्या दिवसांत तिची जीभ जड झाली होती, पण मी जवळ गेले की ती माझ्या गालावरून हात फिरवायची, तू तरी शोधलंस म्हणून. त्या हाताखाली मी कशी बसले ते माझं मला माहीत. आज ऐंशीच्या घरात आहे, तरी तिला खरं सांगायला तोंड उघडते आणि जाग येते, असं कित्येकदा झालंय.

आईच्या मागं अण्णा बदलले. आलेल्या प्रत्येक भांड्याचं बूड ते आधी बघायचे, काम नंतर. एक चमचा आला उलट्या सिंहाचा, तो आधीचाच असणार. त्या दिवशी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले. मग पुढं काहीच नाही. सिंह येत राहिले, सगळे डावीकडे चालणारे. त्यांतले किती खरे विलायती आणि किती दादाच्या हातचे, हे सांगायला आता काहीच मार्ग नव्हता. दादानं चूक सुधारली होती, की कुणी त्याच्या डोक्यावर उभं राहून सुधारून घेतली होती, हेही कळायला नको. मला एवढंच माहीत होतं की उलटा सिंह थांबणं म्हणजे दादा मरणं नव्हे. हे अण्णांना सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ मी सोडा कुठं प्यायले ते सांगावं लागलं असतं. मी आज सांगेन, उद्या सांगेन करत राहिले. माझं लग्न ठरलं, तरी सांगितलं नाही. अण्णा भिंग लावून बसायचे, वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि मग एक दिवस त्यांनी भिंग फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं.

त्या भाद्रपदात आमच्याकडे आईचा म्हाळ होता. पितरांचा स्वयंपाक मीच केला. मी वाढायला आले तर अण्णांनी आईच्या पानाशेजारी दुसरं पान मांडलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली मान घालून पानावर पाणी शिंपडत होते. “वाढ, पोरी,” ते म्हणाले, “त्याला भूक लई असायची.”

मी वाढलं.